शोगुनचा उतारा आणि वहिनीचं हिमोग्लोबिन

1214 सालची गोष्ट. जपानातल्या कामाकुराचा विशीतला शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, मिनामोतो नो सानेतोमो याची तब्येत बिघडली. वाड्यात धावपळ उडाली. पण दुखणं काही फार नव्हतं. आदल्या रात्री जरा जास्त झाली असावी, असं तिथली बखरच सांगते. प्रार्थनेसाठी आलेल्या एइसाई नावाच्या झेन भिक्षूच्या लक्षात सगळा प्रकार आला. त्याने आपल्या मठातून एक वाडगा चहा मागवला, उत्तम औषध म्हणून शोगुनपुढे ठेवला आणि सोबत चहाचे गुण वर्णन करणारा स्वतः लिहिलेला ग्रंथही दिला. शोगुन खूश.

मला ही नोंद फार आवडते. एका हाती नमुना, दुसऱ्या हाती माहितीपत्रक, आणि गिऱ्हाईक कोण, तर देशाचा मालक. हल्ली मोबाइल उघडला की कुणीतरी हिरवागार पेला हलवत माचाचे, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पुडीचे, फायदे मोजत असतं. त्या सगळ्यांचा मूळपुरुष हा एइसाई. माचा आरोग्यासाठी विकायला लागले ते आत्ता, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. आठशे वर्षं झाली. चहा समारंभ, त्याचे ते नियम, त्या समारंभाचा प्रसिद्ध गुरू सेन नो रिक्यू, हे सगळं नंतरचं. आधी आलं ते औषधच.

एइसाईच्या ग्रंथाचं नाव ‘किस्सा योजोकी’. पहिला खर्डा 1211 सालचा, सुधारलेला 1214चा. त्यातला युक्तिवाद वाचताना आपल्याकडच्या एखाद्या वैद्यबुवांसमोर बसल्यासारखं वाटतं. शरीरात पाच मुख्य अवयव, प्रत्येकाला एकेक चव मानवते. यकृताला आंबट, फुप्फुसांना तिखट, प्लीहेला गोड, मूत्रपिंडांना खारट आणि हृदयाला कडू. आमच्या लोकांच्या जेवणात बाकी सगळं येतं, कडू तेवढं येत नाही, म्हणून हृदय दुबळं राहतं. चीनमधले लोक चहा पितात आणि धडधाकट असतात. तर तुम्हीही प्या. पाडव्याला कडुनिंबाचा पाला तोंड वाकडं करत का होईना पण चावणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. आधुनिक शास्त्राच्या कसोटीवर यातलं काही टिकत नाही, हे खरं. पण स्वतः एइसाई 1141 साली जन्मला आणि 1215 साली गेला. त्या काळाच्या मानाने भरपूर जगला म्हणायचं.

चीनहून तो 1191 साली परतला तेव्हा चहाचं बी आणि चहा प्यायची तिथली तेव्हाची पद्धत, दोन्ही घेऊन आला. पानांची पूड करायची, गरम पाण्यात घुसळायची आणि पुडीसकट पिऊन टाकायची. पुढे चीनमध्ये ही पद्धत मागे पडली. मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने 1391 साली दाबून वड्या केलेल्या चहाची खंडणी बंद केली आणि सुट्या पानांचा चहा रूढ होत गेला. जपानने मात्र घुसळणं सोडलं नाही.

मी ओसाकाला राहते, भाषांतराची कामं करते. उजी इथून फार लांब नाही. क्योतोच्या दक्षिणेला, नदीकाठी वसलेलं गाव. दहा येनच्या नाण्यावर जे देऊळ असतं ते ब्योदोइन तिथलंच. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुकानं, आणि त्यात माचाचं आईस्क्रीम, माचाच्या नूडल्स, माचाचे मोमोसारखे ग्योझा. हिरवं करता येईल ते सगळं हिरवं करून ठेवलेलं. वास मात्र सगळीकडे होजिचाचा, म्हणजे भाजलेल्या चहाचा. भारतातून कुणीही आलं की मला उजीची वारी घडतेच. सांगलीकडचे, पुण्याकडचे, एकदा तर डोंबिवलीचं एक अख्खं कुटुंब. सगळ्यांना डबे हवे असतात, आणि डब्यावरचं जपानी मी वाचून दाखवावं अशी अपेक्षा असते. ‘ताई, यात कुठला जास्त चांगला? वजनासाठी?’

तर डब्यात काय असतं ते आधी सांगते.

वसंतात कोवळी पालवी फुटली की उजीचे शेतकरी मळ्यावर मांडव घालतात. पूर्वी बोरूच्या चटया आणि भाताचा पेंढा असायचा, आता बहुतेक ठिकाणी काळी जाळी. तीनेक आठवडे, कधी महिनाभर झुडपं जवळजवळ अंधारात. सुरुवातीला हा मांडव गोठलेल्या दहिवरापासून पालवी वाचवायला घालत, असं म्हणतात. मग लक्षात आलं की सावलीतल्या पानाची चवच वेगळी. ही पद्धत सोळाव्या शतकाच्या सुमाराला रुळली, म्हणजे एइसाईने शोगुनला पाजला तो चहा आजच्या माचासारखा नव्हताच. उन्हासाठी आसुसलेलं पान जास्त हरितद्रव्य तयार करतं, म्हणून तो गडद रंग. आणि चवीचं गणित असं: चहाच्या मुळांत थिआनिन नावाचं अमिनो आम्ल तयार होतं आणि वर पानात येतं. ऊन लागलं की त्याचं कॅटेचिनमध्ये रूपांतर होतं, पान तुरट होतं. ऊन अडवलं की थिआनिन तसंच राहतं, पान गोडसर, दाट चवीचं होतं. हे थिआनिन 1949 साली क्योतोतल्याच अभ्यासकांनी ग्योकुरो या सावलीतल्या चहातून वेगळं काढलं.

आता गंमत बघा. माचाच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतं ते कॅटेचिन, म्हणजेच अँटिऑक्सिडंट. आणि माचाची सगळी शेती चालते ती पानातलं कॅटेचिन वाढू नये म्हणून! उन्हातल्या सेन्चाच्या, म्हणजे रोजच्या साध्या हिरव्या चहाच्या, पानात वजनाला वजन कॅटेचिन जास्त भरू शकतं. माचाची बाजू सावरते ती एवढ्याचसाठी की आपण पान गाळून टाकत नाही, सगळं गिळतो. अर्थात चोथ्याबरोबर फेकलं जाणारं बरं तसं वाईटही आपल्याच पोटात जातं, म्हणून माचा कुठल्या मळ्यातला आहे हे बघून घ्यावं.

खुडलेलं पान लगेच वाफवतात, विटांच्या भट्टीत न वळता वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात. उरतो तो तेन्चा. तो दळला की माचा. उजीत काही दुकानांत पाहुण्यांना दळू देतात. ग्रॅनाइटचं छोटं जातं, वरच्या पाळूला लाकडी दांडा, मधल्या भोकात तेन्चाचे चुरलेले तुकडे. आमच्या घरी आजीचं जातं होतं, त्यामुळे मी आपली सवयीने गरागरा फिरवायला गेले. दुकानातल्या बाईंनी हळूच माझ्या मनगटावर हात ठेवला. सावकाश. एका फेरीला तीन-चार सेकंद. जोरात फिरवलं तर दगड तापतो, वास उडतो आणि पूड भरड येते. सावकाश फिरवत राहिले तेव्हा कडेला हिरवी रेघ उमटू लागली, इतकी बारीक की बोटावर घेतली तर बोटाच्या ठशांत जाऊन बसली. दंडाला रग लागली तरी एका वाडग्यापुरतीसुद्धा झाली नव्हती. यंत्रावर चालणारं दगडी जातंही तासाला तीस-चाळीस ग्रॅमच दळतं. एक छोटा डबा म्हणजे एका जात्याचा तास. 2024 च्या शरद ऋतूत क्योतोतल्या इप्पोदो आणि मारुक्यू कोयामाएन या जुन्या दुकानांनी एका गिऱ्हाइकाला किती डबे द्यायचे यावर मर्यादा घातली, त्यामागे हेही एक कारण. जगाला माचा हवाय, पण दगड त्याच्या गतीने फिरणार. ज्या माचाची पाव किलोची पाकिटं स्वस्तात मिळतात तो दगडावर दळलेला नसतो हे समजून घ्यावं. आणि डब्यावर ‘सेरिमोनिअल ग्रेड’ लिहिलंय म्हणून भाळू नये. जपानात तशी कुठली सरकारी प्रतवारी नाही, विकणाऱ्याला वाटलं की तो लिहितो.

आता तो 137चा आकडा. ‘माचामध्ये ग्रीन टीपेक्षा 137 पट अँटिऑक्सिडंट’ हे तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेलच. हा आकडा हवेतून आलेला नाही. 2003 साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी माचातल्या ईजीसीजी या कॅटेचिनचं मोजमाप छापलं, त्यातला आहे. पण 137 पट कशाच्या? तर एका विशिष्ट कंपनीच्या एका विशिष्ट ग्रीन टीच्या. त्याच निबंधात पुढे लिहिलंय की इतर ग्रीन टींच्या नोंदलेल्या सगळ्यात मोठ्या आकड्याशी तुलना केली तर माचात ते निदान तिप्पट आहे. तिप्पट म्हणजे काही कमी नव्हे. पण तिप्पट छापून डबे खपत नाहीत.

शिवाय पेल्यात जास्त आहे म्हणजे अंगी जास्त लागतं असंही नाही. तो वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर शोधायला माणसं वर्षानुवर्षं बघावी लागतात. तशी ती बघितलीयत. ईशान्य जपानात मियागी प्रांतात ओसाकी नावाचा भाग आहे (आमचं ओसाका नव्हे). तिथल्या 40 ते 79 वयाच्या 40,530 लोकांवर 11 वर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. दिवसाला पाच किंवा जास्त कप ग्रीन टी पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण एक कपाहून कमी पिणाऱ्यांपेक्षा पुरुषांत 12 टक्के आणि बायकांत 23 टक्के कमी दिसलं. हृदयविकाराने आणि पक्षाघाताने जाणाऱ्यांत फरक आणखी ठळक. कॅन्सरच्या बाबतीत मात्र काहीच फरक नाही. चहा पिणारे मुळात इतर बाबतीतही वेगळे असू शकतात, तेव्हा श्रेय सगळं चहाचं म्हणता येत नाही. पण अभ्यास भक्कम आहे.

फक्त एक गोष्ट. ही माणसं माचा पीत नव्हती. रोज पाच पाच कप कोण पितं, तर घरगुती चहा, किटलीतून ओतलेला सेन्चा नाहीतर बान्चा. आमच्या मजल्यावर एक आजी राहतात, सत्तरी कधीच ओलांडलेली, जिना चढताना मला मागे टाकतात. त्यांच्या टेबलावर दिवसभर छोटी किटली असते. सकाळी सेन्चा, संध्याकाळनंतर होजिचा, कारण त्यात कॅफिन कमी. माचाचं विचारलं तर म्हणाल्या, ‘तो पाहुण्यांना. नाहीतर मिठाई खायची असेल तेव्हा.’ मग जरा विचार करून, ‘तुमच्या भारतातून लोक त्याच्यासाठी येतात ना?’ दीर्घायुष्य मिळवलं सेन्चाने आणि पदक लावलं माचाच्या छातीवर, असा हा प्रकार आहे. दोन्ही एकाच झुडपाची पानं, त्यामुळे गुण येत असतील हे मान्य. पण माचावरचे थेट अभ्यास थोडे आणि छोटे आहेत.

बाकीचे दावे भराभर उरकते. वजन: ग्रीन टीवरच्या प्रयोगांचा कॉक्रेन संस्थेने 2012 साली घेतलेला आढावा सांगतो की वजनात पडणारा फरक इतका नगण्य की त्याला वैद्यकीय अर्थ नाही. कोलेस्टेरॉल: 14 प्रयोग एकत्र केले तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल सरासरी दोनेक अंकांनी उतरलं; उतरलं हे खरं, पण 160चं 158 झालेला रिपोर्ट घेऊन कुणी पेढे वाटत नाही. ‘डिटॉक्स’बद्दल मी काही लिहीत नाही, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

एकाग्रतेचा दावा त्यातल्या त्यात जमिनीवर आहे. एका वाडग्याला साधारण दोन ग्रॅम माचा लागतो, त्यात 60 ते 70 मिलिग्रॅम कॅफिन, म्हणजे कॉफीच्या कपापेक्षा थोडं कमी. सोबत थिआनिन. ही दोन एकत्र दिली तर लक्ष जास्त टिकतं, असं छोट्या प्रयोगांत दिसलंय. त्या प्रयोगांत थिआनिन बहुधा शंभर-दोनशे मिलिग्रॅम दिलेलं असतं आणि वाडग्यात त्याच्या कितीतरी कमी येतं, हेही खरं. माझ्यापुरतं सांगायचं तर एखादा किचकट करारनामा भाषांतराला आला की मी दुपारी माचा करते. कॉफीने मला हात थरथरल्यासारखे होतात, माचाने होत नाहीत. पण त्यात निम्मा वाटा त्या करण्याचाही असेल. गाळणीतून पूड चाळायची, नाहीतर गुठळ्या होतात. पाणी उकळतं नको, सत्तर-ऐंशी अंशांवर उतरू द्यायचं. मग चासेन घ्यायचं, नारा प्रांतातल्या ताकायामा गावात बांबूच्या एकाच कांडातून चिरून केलेला, शंभरेक केसरांचा घुसळा, आणि खांदा न हलवता नुसत्या मनगटाने मागेपुढे फिरवायचं. फेस बारीक आला की थांबायचं. तेवढी दोन-तीन मिनिटं फोनला हात लावता येत नाही.

पुण्याला गेले की भाच्या मला कॅफेत नेतात. तिथला माचा म्हणजे उंच पेल्यात दूध, बर्फ, व्हॅनिलाचं सिरप, कधी खाली हापूसचा थर, आणि वरून हिरवा ढग. छान लागतं, मी आवडीने पिते. पण त्याला आरोग्याच्या खात्यात टाकू नये, ते मिल्कशेकच्या खात्यात जातं. माझ्या मते आपल्याकडच्या माणसाला माचाचा सगळ्यात खात्रीचा फायदा एकच: तो बिनसाखरेचा प्यायची पद्धत आहे. दिवसातून चार वेळा दोन दोन चमचे साखरेचा चहा घेणाऱ्याने त्यातला एक कप काढून तिथे बिनसाखरेचं काहीही ठेवलं तरी रक्तातली साखर त्याचे आभार मानेल. मग तो माचा असो, कोरा चहा असो की पातीचं पाणी.

आमच्या मोठ्या वहिनीचा फोन आला तो या सगळ्याच्या मधे. सांगलीत तिच्या भिशीतल्या कुणीतरी माचा सुरू केला होता. ‘अगं, ती म्हणते अशक्तपणा जातो. माझं हिमोग्लोबिन साडेनऊवर आलंय, गोळ्या चालूच आहेत. तू येताना एक डबा आण ना.’

इथे मात्र मी फोनवरच थांबवलं तिला. कारण माचाबद्दल मराठी घरांत सांगायची खरी गोष्ट हीच आहे, आणि ती कुठल्याच डब्यावर लिहिलेली नसते. चहातले कॅटेचिन आणि इतर टॅनिनं जेवणातल्या लोहाला धरून ठेवतात, ते आतड्यातून रक्तात नीट शिरत नाही. मांसाहारातल्या लोहाचं तितकं नुकसान होत नाही. डाळी, पालेभाज्या, नाचणी यांतल्या लोहाचं होतं. म्हणजे शाकाहारी घराला फटका जास्त. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. त्या बायकांना ‘पोहे खाताखाता माचा घ्या, चेहरा उजळेल’ असं सांगणं म्हणजे कमालच आहे. दोष एकट्या माचाचा नाही. आपला आल्याचा चहाही तेच करतो. पण त्या चहाला औषध म्हणून कुणी जेवणाला चिकटवून घेत नाही.

म्हणून वहिनीला सांगितलं ते असं. लोहाची गोळी आणि जेवण यांच्या आगेमागे तास-दीड तास कुठलाच चहा नको. जेवणात लिंबू पिळ, आवळा खा, त्याने लोह शोषायला मदत होते. माचा घ्यायचाच तर दुपारी साडेतीन-चारला, सोबत एखादा गोड घास; अगदी रिकाम्या पोटी मळमळतं. समारंभातसुद्धा आधी मिठाई देतात, आणि दाट माचा तर जेवणानंतरच येतो. दिवसाला एक वाडगा, फार तर दोन. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, कारण पानात के जीवनसत्त्व असतं. गरोदर बाईने दिवसभराचं एकूण कॅफिन 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं. आणि ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल अजिबात नकोत. युरोपच्या अन्न सुरक्षा यंत्रणेने 2018 साली बजावलंय की पूरक गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम ईजीसीजी गेलं तर यकृताच्या तक्रारींची चिन्हं दिसू शकतात. वाडग्यात असतं शंभराच्या आसपास, तिथे काळजी नाही.

डबा मी नेलाच. इतकं प्रवचन दिल्यावर रिकाम्या हाताने जाववेना. चासेन नेलं नव्हतं. वहिनीने ताकाची लहान रवी काढली, स्टीलच्या पातेलीत माचा घुसळला आणि फेस आणून दाखवला. पहिला घोट घेऊन तिने माझ्याकडे बघितलं. ‘पालकाच्या पाण्यासारखं लागतंय की गं.’ दुसऱ्या घोटाला मान डोलावली. डबा फ्रिजमध्ये, झाकण घट्ट, महिन्या-दीड महिन्यात संपव, पिवळट पडला तर वास गेला समज, हेही सांगून झालं.

मग तिने हळूच विषय काढला. धाकटा दहावीला आहे, रात्री अभ्यासाला बसला की पेंगतो, तो एकाग्रतेचा गुण त्याला लागू पडेल का? मी नको म्हटलं. रात्री दहाला 60 मिलिग्रॅम कॅफिन पोटात गेलं तर पोरगं जागेल, पण सकाळी शाळेत झोपेल. पेंगतोय म्हणजे झोप हवीय, झोपू दे त्याला.

‘बरं,’ म्हणत वहिनीने पातेलीत उरलेलं आपल्या पेल्यात ओतून घेतलं. ‘मग त्याच्या वाट्याचाही मीच पिते. तसंही महाग आहे.’